साडेतीन लाखाचा छोटा बॅकहो: घरच्या जागेत कितपत चालतो

छोट्या कामाला जेसीबी वेळेवर मिळत नाही, ही आमच्याकडची खरी भानगड आहे. कोल्हापूर-गगनबावडा रोडला कळे गावाच्या पुढं आत आमचं घर, मागं उताराची तीसेक गुंठे जागा, गोठा, थोडे नारळ-आंबे. अशा जागेत बारा महिने काही ना काही खणायचं असतंच, पावसाआधी घरामागचा चर मोकळा करा, पाइपलाइन फुटली ती शोधा, शोषखड्डा भरला दुसरा काढा, वाळलेल्या झाडाचा बुंधा उपटा. आणि जेसीबीवाल्याला फोन केला की "दादा मोठं काम धरलंय, सोमवारी बघू", तो सोमवार काय येत नाही. आला तरी तासाला हजार-बाराशेच्या वर, येण्याजाण्याचा टाइम आपल्याच बोडक्यावर, आणि दोन तासाच्या खाली यायला कोण तयार नाही. त्यांची पण चूक नाही म्हणा, डिझेल, ऑपरेटरचा पगार, बँकेचा हप्ता, वीस फुटाच्या चरासाठी सात-साडेसात टनाचं धूड कोण घेऊन येणार. २०२१ च्या पुरानंतर तर सगळी मशीनं गाळ आणि दरडी काढायला गेलेली, आमच्यासारख्याला विचारतंय कोण. त्यात आमच्या घराच्या कडंनं मागं जायची बोळ सहा फुटाची, जेसीबी रुंदीला सात फुटाच्या वर, म्हणजे तो आला तरी गडगा पाडल्याशिवाय मागं जातच नाही.

म्हणून हा ओढून न्यायचा बॅकहो घेतला, सगळं धरून साडेतीन लाखाच्या आसपास पडला. विकणारे याला टोएबल बॅकहो म्हणतात, गावात सगळे छोटा जेसीबीच म्हणतात. शेजारचे आण्णा पहिल्या दिवशी भोवती एक फेरी मारून म्हणाले, "बाळ, ह्ये जेसीबीचं पिल्लू व्हय? ह्याला मोठं करून इकणार का काय?" एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आणि त्याच्या पुढंही भरपूर वापरून झालाय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

काय आहे ते आधी सांगतो कारण फोटोत बघून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. दोन चाकांच्या चौकटीवर फक्त खणायचा हात बसवलेला, मधे सीट, मागं इंजिन, पुढं हुकला अडकवायचा दांडा. पुढं भरायचा मोठा बकेट नाही, म्हणजे लोडर नाही. इंजिन होंडाच्या जीएक्स ३९० च्या मापाचं चायना, ३८९ सीसी, १३ हॉर्सपॉवर, पेट्रोल. त्याला गिअर पंप, पंपातनं तेल व्हॉल्व्हला, तिथनं सहा सिलिंडरना. बूम म्हणजे हाताचा वरचा भाग, आर्म म्हणजे त्याच्या पुढचा, बकेट, डावी-उजवी फिरवायचा एक, आणि जमिनीवर टेकवायच्या दोन पायांचे दोन. समोर ते चालवायचे सहा दांडे ओळीनं. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास, बकेट नऊ इंची, खोली कागदावर सात फूट. चाकांना गती नाही, म्हणजे इंजिन चालू करून हे मशीन कुठंही जात नाही. ते बकेटनं जातं.

ते कसं, हे नीट समजून घ्या कारण निम्मं मशीन इथं कळतं. चर मारताना आपण मागं मागं सरकत जायचं असतं. जाग्यावरचं खणून झालं की बकेट जवळ आणून जमिनीवर घट्ट टेकवायचं, मग दोन्ही पाय उचलायचे, आता वजन चाकांवर आणि बकेटवर, आणि आर्म हळूहळू बाहेर ढकलायचा की अख्खं मशीन सीटवरच्या माणसासकट दोन-तीन फूट मागं जातं. पाय टाका, लेव्हल बघा, परत खणा. पुढं यायचं असलं तर उलटं, बकेट लांब रोवायचं आणि आर्म आत ओढायचा. सपाट जमिनीवर हे झकास जमतं, उलट मजा येते, पोरं बघत बसतात. उतारावर मात्र पाय उचलले की मशीनला आपल्या मनानं जायची हुक्की येते, म्हणून चाकामागं लाकडाची उटी लावल्याशिवाय पाय उचलायचेच नाहीत. ब्रेक नाहीत त्याला.

आता खणण्याचं. इथं जमिनीवर सगळं अवलंबून आहे आणि कोल्हापुरात ती दर दहा मैलाला बदलती. शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी माती, ती वाफशावर असली तर हे मशीन लोण्यात सुरी घालावी तसं चालेल, पाहुण्यांच्या रानात पाइपलाइनचा चर मारून बघितलाय, इषयच नाही. आमच्या पश्चिम बाजूला तांबडी माती, खाली मुरूम, मधेच जांभा. जांभ्याचं असं आहे की तो जमिनीत ओला असतो तोवर मऊ असतो, उघडा पडून हवा आणि ऊन लागलं की कडक होत जातो, म्हणून तर त्याचे चिरे काढून घरं बांधतात. त्यामुळं दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल असते तेव्हा तांबड्या मातीत आणि नरम मुरमात हे मशीन तासाला दोन फूट खोल, पंधरा-वीस फूट लांब चर आरामात मारतं. तीच जागा मे महिन्यात धरली तर बकेटचे दात नुसते वर वर खरवडत बसतात. आणि काळा पाषाण लागला की इंजिन बंद करा आणि चहा प्या, तिथं ब्रेकरच पाहिजे, ह्याच्या बापाच्यानं होत नाही.

कारण ताकद इंजिनात कमी आहे असं नाही, वजन कमी आहे. हायड्रॉलिकचा जोर एवढा आहे की दात कशात अडकले तर जमीन उचलायच्या ऐवजी मशीनच जागा सोडून उठतं. मोठ्या जेसीबीला सात टन वजन धरून ठेवतं, ह्याला साडेपाचशे किलो अधिक आपण. मी ऐंशी किलोचा आहे, आमचा पुतण्या पंचावन्नचा, तो बसला की मशीन जास्त उडतं हे गंमत म्हणून नाही खरंच सांगतोय. चौकटीवर सिमेंटचे दोन ठोकळे बांधल्यापासून बराच फरक आहे. आणि घाई करायची नाही, तीन इंचाचा थर घ्यायचा, बकेट भरला की उचलायचा. ज्यांना मोठ्या जेसीबीच्या ऑपरेटरसारखं एका दणक्यात अर्धी ट्रॉली भरायची सवय बघून माहिती आहे त्यांनी ह्याच्यावर बसूच नये, डोकं फिरंल.

फिरायचा कोन पण कमी. अर्ध्या वर्तुळाच्या आतच फिरतो, त्यामुळं माती चराच्या काठालाच पडते आणि खोल गेलं की तीच परत आत घसरते. एक माणूस फावडं घेऊन हवाच, पण तो आर्मच्या फिरण्याच्या बाहेर उभा पाहिजे, हे मी रोज ओरडून सांगतो. आणि बुजवायचं काम हातानंच. लोडर नाही ना. बकेटच्या पाठीनं थोडंफार ओढून घेता येतं पण ते वेळखाऊ, आमच्याकडं चर मशीननं आणि बुजवणी फावड्यानं अशीच वाटणी आहे. विकणाऱ्यानं दाखवलेल्या व्हिडिओत हा भाग नव्हता, साहजिक आहे.

तरी जमा बाजू सांगतो. घरामागचा चर, ज्याच्यासाठी दर मे महिन्यात माणसं शोधत फिरायचो, तो आता आमच्या सवडीनं होतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आम्ही थोडे अलीकडं असलो तरी डोंगराचं पाणी सरळ गोठ्याच्या भिंतीवर येतं, मांडुकलीजवळ रोडवर पाणी आलं की बाहेरनं मशीन तर सोडा दूधगाडी पण येत नाही. जुलैत एकदा वरची माती घसरून चर तुंबला, गोठ्यात घोटाभर पाणी, तेव्हा पायांखाली जाड फळ्या टाकून तासाभरात मोकळा केला. फळ्या नसत्या तर पाय चिखलात उभेच्या उभे गेले असते. सहा फुटी बोळीतनं पुतण्या आणि मी हातानं ढकलत मशीन मागं नेतो, चाकं धरून पाच फुटाच्या आत आहे. आंब्याचे एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डे तर ह्याचं आवडतं काम, नऊ इंची बकेटमुळं खड्डा चौकोनी निघतो, उगंच सगळी जमीन उकरली जात नाही. निलगिरीचा बुंधा काढायला मात्र आधी चारी बाजूंनी चर मारून मुळ्या तोडाव्या लागतात, सरळ उपटायला गेलं की परत तेच, झाड जाग्यावर आणि आपण हवेत.

इंजिनची एक गोष्ट कुणी सांगत नाही. ह्या जातीच्या इंजिनात तेल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करायचा सेन्सर असतो. चांगलीच गोष्ट आहे. पण मशीन तिरकं उभं असलं की तेल एका बाजूला जातं आणि त्या सेन्सरला वाटतं तेल संपलं, मग पुरं भरलेलं असताना इंजिन फट्कन बंद. सुरुवातीला मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलला, प्लग बदलला, पेट्रोलला शिव्या दिल्या, शेवटी मशीन सपाट उभं केलं तर एका दोरीत चालू. तर उतारावर आधी पायांनी लेव्हल करून घ्यायचं मग दोरी ओढायची. सेन्सरची वायर काढून टाका म्हणून सांगणारे भेटतील, काढू नका, इंजिन खरंच कोरडं चाललं तर बोंबलत बसाल.

पेट्रोल तासाला दोन-अडीच लिटर धरा. आवाज भरपूर, कानात बोळे घाला. दुपारच्या कामाला तेल तापतं, टाकी लहान असल्यामुळं दीड तासात हात लावायला नको एवढी गरम होते, मग तेल पातळ होऊन बूम आपोआप खाली यायला लागतो आणि दांडा दाबल्यावर हाताला ते आधीचं कडकपण लागत नाही. ४६ नंबरच्या ऐवजी ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घातल्यावर उन्हाळ्यात थोडं बरं आहे, तरी एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते दहा आणि मग संध्याकाळी, मधे मशीनलाही सावली आणि आपल्यालाही.

आता बनावट. इथं माझी खरी तक्रार आहे. मशीन आलं तेव्हा पायांचे दोन बोल्ट पेटीत नव्हतेच, माहितीपुस्तक असलं की चित्र एका मॉडेलचं आणि मजकूर दुसऱ्याचा, आणि विकणाऱ्याचा फोन पैसे पोचेपर्यंत पहिल्या रिंगला उचलला जायचा. वेल्डिंग जाड आहे, चौकटीला आजवर कुठं तडा नाही, ते मान्य. पण पिना एकदम मऊ. एकाच सीझनमध्ये बकेटच्या आणि फिरवायच्या खांबाच्या पिना अशा झिजल्या की आर्म थांबवला तरी बकेट दोन इंच इकडं-तिकडं डुलत होतं, चराची कड सरळ येईना. पिना काढून उद्यमनगरात नेल्या. तिथल्या मिस्त्रींना म्हटलं, "मामा, ह्या पिना जरा बघा की." त्यांनी कानस घेऊन एकदा ओढली, पिनेचा भुगा बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाले, "ही पिन न्हवं, खिळा हाय. ठेव हितं, परवा ये." ईएन-एट पोलादाच्या नव्या पिना, वरनं कडक करून, आत गनमेटलचे बुश, प्रत्येक पिनेला ग्रीस जायला मधनं भोक. मूळ मशीनमध्ये दोन ठिकाणी तर निप्पल होतं पण पिनेला भोकच नव्हतं, ग्रीस नुसतं बाहेर यायचं, आम्ही आपलं गन मारतोय. सगळ्याला बारा हजाराच्या आत खर्च आला आणि तेव्हापासून मशीन आहे तसं घट्ट आहे. ही सोय दुसऱ्या किती गावांत मिळेल? लेथ, ड्रिल, सील, फौंड्री, सगळं एका चहाच्या अंतरात. हा बॅकहो कोल्हापूरच्या आसपास राहणाऱ्यानं घेणं आणि जिथं साधा लेथवाला पन्नास किलोमीटरवर आहे तिथल्यानं घेणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्याला मी नको म्हणेन.

होज पाइपचा पण असाच किस्सा. बूमचा पाइप कडेला घासून गेला, शिरोलीच्या वाटेवर क्रिंपिंग करून देतात तिथं नवा करून घेतला, घरी आणून लावला तर थेंब थेंब गळतंय. आवळला तरी गळतंय. मशीनवरचे आटे मेट्रिक आणि आपल्याकडं सर्रास मिळतात ते बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचे, दोन-तीन आटे बसतात त्यामुळं बरोबर वाटतं, पण आतलं तोंड घट्ट बसत नाही. जुना पाइप बरोबर घेऊन जायचा आणि दोन्ही टोकं मापून घ्यायची, बस्स. आणि गळती कुठनं होते ते बोटानं चाचपायचं नाही, कधीच नाही. दाबाखालचं तेल सुईसारख्या भोकातनं कातडीच्या आत जातं, वरनं टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, त्यावर डाग पडतो.

रोजचं काम सोपं आहे. सुरू करायच्या आधी ग्रीस, एअर फिल्टर झटकायचा कारण तांबड्या धुळीत तो दोन दिवसात विटेच्या रंगाचा होतो, इंजिनचं पहिलं तेल वीसेक तासांनी बदलायचं, त्यात लोखंडाची चमक दिसते ती नव्या इंजिनात येतेच. काम झालं की सगळे सिलिंडर जमतील तेवढे आत घेऊन ठेवायचे, पावसात उघडा पडलेला सिलिंडरचा दांडा गंजला की तो सील खातो. आम्ही चार महिने गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवतो.

रस्त्यावरनं ओढत न्यायचं म्हणाल तर नाव टोएबल असलं तरी ते आपल्या जागेपुरतं. ब्रेक नाहीत, मागं दिवे नाहीत, पासिंग नाही, आणि चाकं असली लहान की तीसच्या वर गेलं की डुलायला लागतं. पाहुण्यांच्या रानात नेताना पिकअपमध्ये घालूनच नेलं, चढवायला दोन फळ्या आणि त्याचाच आर्म, स्वतःला स्वतःच ओढून घेतं, ते बघायला अर्धी गल्ली गोळा झाली होती. जाळ आणि धूर संगटच.

आणि हे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुरूम काढून विकायची कल्पना कुणाच्या डोक्यात येत असेल, येतेच, मला चार जणांनी सुचवलंय, तर मुरूम हे गौण खनिज आहे, परवानगी आणि रॉयल्टीशिवाय काढून वाहतूक केली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड बसतो आणि मशीन पण जप्त होतं. चर खणा, खड्डे खणा, तेवढ्यावर राहा. पाच फुटाच्या खाली गेलात तर चरात माणूस उतरवू नका, तांबडी माती ओली असली की काठ न सांगता बसतो. कागदावर सात फूट असले तरी मी साडेचारच्या खाली क्वचितच जातो, त्याच्या पुढं मशीनलाही आर्मची पोच कमी पडते आणि काठावरच उभं असल्यामुळं पाय घसरायची भीती. शोषखड्डा आठ फुटाचा पाहिजे होता तेव्हा वरचे पाच मशीननं आणि पुढचं गावातल्या विहीर काढणाऱ्या माणसांनी रिंगा सोडत सोडत केलं.

परवडतं का, तर निव्वळ हिशोबावर बघितलं तर साडेतीन लाखात जेसीबीचे तीनशे तास होतात आणि त्या तीनशे तासात जेसीबी आमची अख्खी वाडी उलटी करून ठेवेल. ज्याला घर बांधताना एकदाच पाया, टाकी, चर करायचाय त्यानं सरळ जेसीबी बोलवावा, रांगेत थांबावं. वर्षभर फुटकळ कामं, वाट अरुंद, आणि घरात पाना-ग्रीस हातात घ्यायची कुणाला तरी आवड, ह्या तिन्ही गोष्टी असल्या तर घ्या. आमच्या घरी आधी "एवढे पैसे घालून खेळणं आणलंय" असं होतं, जुलैच्या त्या पाण्यानंतर तेवढं बंद झालंय.

ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यानं मात्र हे बघायच्या आधी ट्रॅक्टरला मागं लावायचा बॅकहो बघून घ्यावा, ट्रॅक्टरचं वजन फुकटात मिळतं, डिझेलवर चालतो, उडायची भानगड बरीच कमी. बोळ असेल तर तो जाणार नाही, एवढंच. कुठलाही घ्या, पैसे द्यायच्या आधी सहाही सिलिंडरच्या सील किटची मापं कागदावर लिहून मागा, पिनांचा व्यास आणि होजचे आटे कोणते तेही. "ते काय, सगळीकडं मिळतं" असं उत्तर आलं तर दुसरा विकणारा बघा.